गनिमी कावा: शत्रूचा की आपला?

रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या भाच्याच्या खो-खोच्या संघानं आपल्यापेक्षा वयानं मोठ्या, थोराड मुलांच्या संघाला हरवलं. घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "शाब्बास, गनिमी कावा केलात!" आणि भाच्याचं तोंड उतरलं. त्याचं म्हणणं असं की गनीम म्हणजे शत्रू आणि कावा म्हणजे कपट. मग आजोबा आम्हाला काय म्हणाले? ताईंचा प्रश्न: हा शब्द कौतुकाचा की दूषणाचा, आणि आपल्याच लढाईच्या रीतीला आपण शत्रूचं नाव का दिलं?

मुलाची शंका खरी आहे. मीही तिच्यापाशी बरीच वर्षं अडून बसलो होतो.

आधी 'गनीम'. मूळ अरबी, आपल्याकडे आला फारसीतून. युद्धात हाती लागलेली लूट ती ग़नीमत, आणि लूट करणारा, म्हणून शत्रू, तो गनीम. यातला पहिला शब्द आपण इंदूरकर दिवसातून चारदा बोलतो. "गनीमत है, बारिश थम गई" म्हणताना लूट कुणाच्या मनात नसते. पण फुकट हाती आलेलं ते नशिबाचं, अशा वाटेनं लुटीचा शब्द हायसं वाटण्याचा झाला.

मोगलांच्या फारसी कागदांत मराठ्यांना सर्रास 'गनीम' म्हटलेलं असतं. मराठी कागद उघडले की तोच शब्द मोगलांना, निजामाला लावलेला दिसतो. कोण गनीम, हे कागद कुणाच्या दप्तरातला त्यावर ठरतं. आणि 'गनिमी' म्हणजे 'गनिमाचा' असा षष्ठीचा अर्थ नव्हे. शेवटची 'ई' रीत सांगते. इंदुरी पोहे पुण्यात, पुण्याच्या माणसानं केले तरी इंदुरीच. तसा गनिमी म्हणजे त्या धर्तीचा, मग करणारा कुणीही असो. मला वाटतं, हे नाव आधी समोरच्यानं ठेवलं आणि आपण ते मिरवलं. याच धर्तीच्या लढाईला मलिक अंबरच्या काळातले फारसी इतिहासकार 'बर्गीगिरी' म्हणत. तो शब्द 'बारगीर'शी जोडलेला, म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. पुढे मराठी घोडदळ बंगालवर गेलं तेव्हा तिकडे 'बर्गी' हेच त्याचं नाव पडलं. 'गनिमी'ला शेजारी 'कावा' मिळाला आणि जोडी टिकली.

खरं मर्म 'कावा'त आहे. जुने मराठी कोश पाहा, कपट हा अर्थ एकटा येत नाही. घोड्याला गोल फिरवणं, रिंगण घ्यायला लावणं, तोही कावाच. हिंदीतही 'कावा काटना', 'कावा देना' आहेच. कोशात वाचलं होतं, पण कळलं ते छत्रीबागेच्या बाजूला, लग्नसराईच्या आधी. वरातीसाठी घोडी ठेवणारे एक म्हातारे मैदानात उभे होते. हातात लांब दोर, दोराच्या टोकाला पांढरी घोडी, आणि ती त्यांच्याभोवती दुडक्या चालीनं फिरत होती. म्हातारे जागच्या जागी टाचेवर वळत होते. मधेच त्यांनी जिभेनं टक् केलं, दोर किंचित सैल सोडला, आणि घोडी क्षणात उलट्या बाजूनं फिरू लागली. मी विचारलं, हे काय चाललंय? "कावा कटवा रहा हूँ। सीधा तो गधा भी दौड़ लेता है।"

तेव्हापासून 'कावा' म्हटलं की मला कपट आठवत नाही, तो सैल सोडलेला दोर आठवतो. वेगात असताना दिशा बदलता येणं, समोरच्याभोवती फिरत राहणं आणि त्याच्या सरळ रेषेत न सापडणं.

आपल्या गावाच्या इतिहासातलं उदाहरण घ्या. १८०३मध्ये शिंदे आणि भोसल्यांच्या फौजा असई, लासवारी, अडगावला समोरासमोर उभ्या राहून इंग्रजांकडून मोडल्या. पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकरांशी गाठ पडली. कर्नल मॉन्सन मुकुंदऱ्याची खिंड ओलांडून माळव्याच्या तोंडाशी, हिंगलाजगडापर्यंत आला. गुजरातेतून येणारी दुसरी इंग्रजी फौज त्याला मिळायची होती, ती आलीच नाही. होळकर चंबळ उतरून अंगावर येतायत कळताच जुलैत त्यानं पाय मागे घेतला. मग पाऊस. तोफा चिखलात रुतल्या, त्या निकामी करून टाकून द्याव्या लागल्या. नद्यांना पूर, दाणागोटा संपलेला, आणि मागं-पुढं, डावीउजवीकडे होळकरांचं घोडदळ. यशवंतरावांकडे पायदळ आणि तोफखानाही होता, पण मॉन्सनला पोखरलं ते या घिरट्यांनी. ऑगस्टअखेर तो आग्र्याला पोचला तेव्हा त्याच्या फौजेला फौज म्हणावं अशी ती राहिली नव्हती. यशवंतरावांची छत्री भानपुऱ्याला आहे, हिंगलाजगड तिथून जवळच. जमलं तर भाच्याला पावसाळ्यात घेऊन जा. काळी माती बुटाला धरते तेव्हा तोफांचं काय झालं असेल ते सांगावं लागत नाही.

याची दुसरी बाजूही त्याच वर्षातली. १७ नोव्हेंबर १८०४ला फर्रुखाबादेत जनरल लेकनं रातोरात मजल मारून होळकरांच्या घोडदळाला तळावरच गाठलं. घोडे बांधलेले, स्वार झोपलेले. घोडा खुंट्याला असला की कावा कसला?

म्हणूनच जुन्या लोकांना 'सडी फौज' या शब्दाचं एवढं मोल. बुणगे म्हणजे फौजेबरोबरची बिनलढाऊ माणसं, ती आणि सामानसुमान मागे ठेवून हलकं निघणं. पानिपताआधी मल्हाररावांनी हाच सल्ला दिल्याचं बखरी सांगतात. भाऊसाहेबांनी गोलाची लढाई धरली, म्हणजे बुणगे मधे घेऊन भोवती फौजेचं कडं करून लढणं.

मग कपटाचा अर्थ आला कुठून? डाव्या हाताला निघालेला घोडा उजवीकडे वळला की पाहणारा फसतो. चाल घोड्याची, पण फसल्याची चीड फसलेल्याची. 'कावेबाज' हा शब्द त्या चिडीतून आलाय असं मी मानतो, आणि आज तो दूषणाचाच आहे, यात शंका नको. 'गनिमी कावा' या जोडीला मात्र तो डाग लागलेला नाही.

आता भाच्याचा खो-खो. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत त्याला मागे फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधल्या पट्टीतून पलीकडेही जाता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही मोकळं. थोराड मुलगा सरळ धावेत दोन ढांगांत गाठेल, पण खांबाजवळ गोल घेत, हूल देत, ऐन वेळी पट्टीतून पलीकडे निसटणाऱ्या किडकिडीत पोराला कसा धरणार? ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचा भाचा खांबाभोवतीच वेळ काढत होता. हा शब्दशः कावाच.

वापराबद्दल एक आग्रह. हल्ली बातम्यांत कुठल्याही गुपचूप खेळीला गनिमी कावा म्हणतात, अगदी सत्तेवरच्या पक्षाच्या खेळीलाही. ज्याच्याकडे बळ आहे त्यानं लपून केलं तर ते कारस्थान, डाव, फार तर चकवा. गनिमी काव्याला करणारा कमी बळाचा लागतो, आणि हलता लागतो. एका जागी दबा धरून एकदाच घाव घातला तर 'छापा' पुरे. इंग्रजीवरून आलेला 'गुरिल्ला' स्पॅनिश भाषेतल्या 'युद्ध' या शब्दाचं लघुरूप, म्हणजे छोटं युद्ध. 'गनिमी'शी त्याचं नातं नाही, उच्चार जवळ आला एवढंच.

आणि भाचा वहीत लिहिणार असेल तर 'गनीम'मधला नी दीर्घ, 'गनिमी'मधला नि ऱ्हस्व. आजोबा गनिमी काव्याने 'खेळलात' म्हणाले असते तर आणखी छान झालं असतं, पण 'केलात'ही चूक नाही.