तुमचे प्रश्न: मिग, नॅट आणि कोल्हापूरचा पाऊस

गेल्या अंकात लढाऊ विमानांच्या स्केल मॉडेलबद्दल थोडं लिहिलं होतं, किट आणायचं, जोडायचं, रंगवायचं वगैरे, तर त्यावर बरीच पत्रं आलीत. सगळी इथं घेता येणार नाहीत, ज्यात जास्त लोकांचं अडलंय ती घेतलीयत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, बऱ्याच पत्रांत तक्रार रंगाची आहे आणि गडबड झालीय ती रंगाच्या आधी. तेवढं डोक्यात ठेवून खालचं वाचा.

प्रश्न: दादा, जुलैमध्ये जग्वार विमानाच्या मॉडेलवर एअरब्रशनं (हवेनं रंग फवारायची छोटी गन) लॅकर मारला, वर मॅट वार्निश. वाळल्यावर सगळीकडं पांढरट धुरकट थर आला, बुरशी आल्यागत दिसतंय. कॉम्प्रेसर नवीन आहे. रंगाची बाटली खराब निघाली का? (एक वाचक, रंकाळा)

उत्तर: बाटली चांगलीच असणार, टाकू नका. जुलै म्हणजे राजाराम बंधारा पाण्याखाली आणि घरात पापडसुद्धा मऊ पडायचे दिवस, त्यात तुम्ही लॅकर मारलाय. होतं काय की लॅकरचा थिनर फार पटकन उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि मग हवेतली वाफ त्या गार रंगावर बारीक थेंब होऊन बसते, तेच पाणी रंगात अडकून पांढरं दिसतं. मॅट वार्निशचंही दमट हवेत असंच होतं. उपाय आहे. कोरडी हवा असेल त्या दिवशी, किंवा एसीच्या खोलीत, रिटार्डरवाला म्हणजे हळू उडणारा थिनर एकदम हलक्या फवाऱ्यानं मारा, लॅकर वरच्यावर विरघळतो, आतलं पाणी निघून जातं आणि बऱ्याचदा धुकं साफ होतं. वार्निशवर मात्र आधी पोटाखाली कुठंतरी ट्राय करून बघा.

दुसरं कारण कॉम्प्रेसर. हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साठतं, आणि ते नळीतून थेट तुमच्या जग्वारवर थुंकलं जातं. टाकीच्या खाली ड्रेनचा नॉब असतो, पावसाळ्यात तो रोज काम संपल्यावर उघडायचा, किती पाणी निघतं ते बघून तुम्हालाच नवल वाटेल. आणि नळीवर मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर, हवाच. तो परदेशातून मागवायची गरज नाही, उद्यमनगरात न्यूमॅटिक फिटिंगची दुकानं आहेत, तिथं एअर फिल्टर रेग्युलेटर मागा, फक्त आपल्या नळीचा आटा कुठला ते सोबत घेऊन जा.

खरं तर ह्या विषयात आपल्या गावात जेवढे जाणकार आहेत तेवढे क्वचित कुठं असतील. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, गंगावेशीत, बापट कॅम्पला ऐन पावसात गणपतीचं स्प्रेकाम चालू असतं, ते लोक कसे करतात ते एकदा जाऊन बघा. गन किती लांब धरतात, हात कुठून सुरू करतात आणि मूर्तीच्या बाहेर गेल्यावरच बोट कसं सोडतात, हे दहा व्हिडिओ बघून कळत नाही ते तिथं दहा मिनिटांत कळतं. फक्त वाळवायला ते हॅलोजन लावतात ती आयडिया उचलू नका, किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते साधारण १०० डिग्रीला मऊ पडतं आणि पातळ पंख तर त्याच्या आधीच वाकायला लागतो.

बाकी प्रेशर १५ ते २० पीएसआय, नोझल ०.३ मिलिमीटरचं, आणि रंग दुधासारखा पातळ, एवढ्यावर निम्मं काम होतं. आणि ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज असलेला मास्क घ्याच, कापडी मास्कनं लॅकरची वाफ अजिबात थांबत नाही. घरात लहान मुलं असतील तर लॅकर गॅलरीत, खिडकी उघडी ठेवून. ह्यात तडजोड नको.

प्रश्न: मी नववीत आहे. मला सेखों सरांचं नॅट बनवायचंय. पहिलंच मॉडेल आहे. एअरब्रश नाही. एअरफिक्स कंपनीचं नॅट मिळतंय ते घेऊ का? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर: विषय फार छान निवडलायस. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानची सेबर विमानं चालून आली तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों नॅट घेऊन एकटे भिडले, हवाई दलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे. पण थांब, ते किट घेऊ नकोस. एअरफिक्सचं नॅट आहे ते टी.१, म्हणजे ब्रिटिशांचं दोन सीटचं ट्रेनर, हवाई कसरती करणारे रेड अ‍ॅरोज उडवायचे ते. आपलं नॅट एका सीटचं फायटर. नाक वेगळं, कॅनपी म्हणजे पायलटवरची काच वेगळी, पंखसुद्धा वेगळा. डब्यावर नाव नॅट असलं तरी आतलं विमान ते नाही, आणि कापून जोडून फायटर करणं हे पहिल्या मॉडेलचं काम नाही.

शिवाय नॅट रंगवायचं तर बऱ्याचदा चंदेरी धातूचा रंग येतो, आणि चंदेरी रंग जोडातली केसाएवढी फट पण ओरडून दाखवतो. म्हणून मी म्हणेन आधी एक स्पिटफायर कर, १/७२ मध्ये, आपल्या हवाई दलानंही ती उडवलीयत. पार्ट कमी आणि दोन रंगांचा कॅमोफ्लाज, तो चुका पोटात घालतो. १/७२ म्हणजे खऱ्या ६ फुटांना मॉडेलवर १ इंच. नॅट फायटरचा पंखविस्तार जेमतेम पावणेसात मीटर, म्हणजे ह्या स्केलला ९ सेंटिमीटरच्या वर थोडं, तळहातावर मावतं, त्यामुळं त्याला हात जरा बसलेला लागतो.

ब्रशनं उत्तम रंगतं, अ‍ॅक्रिलिक घे, चपटा मऊ ब्रश, पातळ थर, पहिला थर घाण दिसतो तर घाबरायचं नाही, पूर्ण वाळू दे मग आडव्या दिशेनं दुसरा. ओल्या रंगावर परत ब्रश फिरवलास की खालचा रंग उकलून येतो, सगळ्यात जास्त मॉडेल तिथंच बिघडतात. आणि सुरुवातीला सगळे पार्ट फ्रेमसकट भांडी धुवायच्या साबणानं धू, साच्यातून काढताना लावलेलं तेल राहिलेलं असतं, त्यावर रंग धरत नाही. नॅट पुढच्या वर्षी, दहावीची परीक्षा झाली की, तेव्हा परत लिही.

प्रश्न: वडील नाशिकजवळच्या ओझरला एचएएलमध्ये (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) होते, आता ८० च्या पुढं आहेत. मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा टीव्हीसमोरून हलले नाहीत. त्यांना मॉडेल करून द्यायचंय. कुठलं घेऊ? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: ताई, किट शोधायच्या आधी वडिलांना विचारा की तुम्ही कुठल्या मिगवर काम केलंत. कारण मिग-२१ हे एक विमान नाही. १९६३ ला ते हवाई दलात आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप मिळाला, ह्या बासष्ट वर्षांत ते इतकं बदललंय की ज्यानं हातानं बनवलंय त्याला चुकीचं मॉडेल दिलं तर तो काही बोलणार नाही पण ओळखेल. ओझरला एफएल झालं, मग एम, मग बिस.

ओळखायची सोपी खूण सांगतो. एफएलच्या पंखाखाली प्रत्येक बाजूला एकच पायलॉन, म्हणजे मिसाइल टांगायचा खांब, आणि आत तोफ नाही, लागली तर पोटाखाली वेगळी टांगायची. एम आणि बिसला प्रत्येक बाजूला दोन पायलॉन आणि पोटात २३ एमएमची तोफ. एफएलची कॅनपी पुढं बिजागरीवर असते आणि मागच्या बाजूनं उचलते, नंतरच्यांची उजवीकडं उघडते. आणि कॅनपीच्या मागची पाठ बघा, एफएलची सडपातळ, बिसची चांगली जाड. वडिलांच्या कपाटात जुना फोटो असेलच, तो घेऊन बसा, ते स्वतःच बोट ठेवून सांगतील.

बिस ठरलं तर एडुआर्ड कंपनीचं १/४८ चं किट बघा, जोड चांगले बसतात आणि कॉकपिट सुंदर आहे. मिगचा पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/४८ ला १५ सेंटिमीटर आणि १/७२ ला १०. ऐंशीच्या वरच्या डोळ्यांना १/४८ च बरं, आकडे वाचता येतात. भारतीय डेकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांचा सेट वेगळा घ्यावा लागू शकतो, डब्यात काय येतं ते आधी वाचा. कॉकपिटचा रंग जपून निवडा, रशियन विमानांत तो बऱ्याचदा निळसर हिरवा असतो, अंदाजानं राखाडी मारलात तर वडील पहिलं तिथंच बघतील.

प्रश्न: कॅनपी सुपरग्लूनं चिकटवली, दुसऱ्या दिवशी आतून पांढरी. आता? (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर: सुपरग्लूची वाफ काचेवर बसते, बोटांचे ठसे असतील तिथं आधी. कॅनपी निघत असेल तर काढा, २००० च्या वॉटर पेपरनं पाण्यात घासून मग गाडीच्या पॉलिशनं चमकवा, येते परत. पुढच्या वेळी कॅनपीला साधा फेव्हिकॉल, टूथपिकच्या टोकानं. वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या कापसानं निघतो.

प्रश्न: तिरंगी गोल डेकल लावलं की भोवती चंदेरी कडा चमकते. डेकल मऊ करायचं मायक्रो सोल पण आणलं, फरक नाही. (एक वाचक, उचगाव)

उत्तर: तुम्ही मॅट रंगावर लावताय, बरोबर? मॅट रंग म्हणजे भिंगातून बघितलं तर सगळा खडबडीत डोंगर. डेकलची पातळ फिल्म त्या टेकड्यांवर टेकते, मधल्या खळग्यांत हवा राहते आणि ती हवा चमकते. सोल्यूशननं फिल्म मऊ होते पण एवढे खळगे ती भरू शकत नाही. म्हणून आधी ग्लॉस क्लिअर मारायचा, तामियाचा एक्स-२२ चालतो, चांगला दोन दिवस वाळू द्यायचा, नखानं दाबून ठसा उमटत नाही इतका. मग कोमट पाण्यात डेकल बुडवून लगेच बाहेर काढा, कागदावरच राहू दे, आपोआप सुटेल. जागेवर मायक्रो सेटचा, म्हणजे डेकल बसवायच्या द्रावणाचा थेंब, त्यावर डेकल सरकवायचं, मधून कडेकडं कापसानं हवा आणि पाणी काढायचं, मग वरून मायक्रो सोल. आता पाच मिनिटांत डेकल सुरकुतेल, एकदम वाळलेल्या पानासारखं, आणि तुमचा जीव खालीवर होईल, पण हात लावायचा नाही! तेव्हा ते चिखलाएवढं मऊ असतं, बोट लागलं की फाटलं. तसंच सोडून झोपा, सकाळी पॅनेलच्या म्हणजे पत्र्याच्या जोडांच्या रेषांत बसलेलं दिसेल. नंतर परत ग्लॉसचा हलका थर आणि शेवटी मॅट.

लावलेलं वाचवायचं तर चमकणाऱ्या जागी सुईनं बारीक भोकं पाडून सोल सोडा, थोडी हवा निघते. आणि आपल्या गोलात केशरी बाहेर, हिरवा आत, बाजारातल्या काही शीटवर केशरीच्या जागी सरळ लाल छापलेला असतो, तसलं घेऊ नका.

प्रश्न: पॅनेलच्या रेषा काळ्या भरायच्या का? मित्र म्हणतो त्याशिवाय मॉडेल जिवंत वाटत नाही. (एक वाचक, शिरोली)

उत्तर: माझं मत ठाम आहे, नाही. खऱ्या विमानावर दोन पत्र्यांमधली फट समजा २ मिलिमीटर धरली तर १/७२ ला ती ०.०३ मिलिमीटर होते, ती दिसणारच नाही. आणि मॉडेल तुम्ही ३० सेंटिमीटरवरून बघता म्हणजे खरं विमान साडेएकवीस मीटरवरून बघितल्यासारखं. तेवढ्या लांबून काळ्या रेषांचं जाळं कुठं दिसतं? उजळाईवाडीच्या विमानतळावरून कधी प्रवास केलात तर जिन्यानं चढताना दरवाज्याजवळचा पत्रा बघा. नाकाशी येईपर्यंत सगळा सपाट, मग जोडाची रेष, तीही रंगापेक्षा किंचित गडद, मध्येच एखाद्या झाकणाभोवती हात लागून मळलेलं, बाकी स्वच्छ.

म्हणून वॉशला, म्हणजे रेषांत सोडायच्या पातळ रंगाला, विमानाच्या रंगाचीच गडद छटा घ्या, राखाडी विमानाला गडद राखाडी, ऑइल पेंट इनॅमल थिनरमध्ये पातळ करून, ग्लॉसवर. उघडणारी झाकणं, पंखाचे हलणारे भाग म्हणजे फ्लॅप, अ‍ॅलेरॉन इथं थोडा गडद, बाकी अगदी फिकट. धुराचे डाग, उडालेला रंग हे ज्या विमानाचं मॉडेल करताय त्याच विमानाच्या फोटोत असेल तरच. मित्राला हवं असेल तर त्याला त्याच्या विमानावर करू दे.

प्रश्न: विमान शेपटीवर बसतंय. चाकं तीनही नीट लावलीत. (एक वाचक, गांधीनगर)

उत्तर: नाकात वजन घालायला राहिलं. जेटची मुख्य चाकं मागं असतात, आणि प्लास्टिकच्या मॉडेलला पुढं इंजिन, रडार असलं काही वजन नसतं. नाक बंद झालंय तर पुढच्या चाकाच्या खोबणीतून किंवा कॉकपिटच्या मागून जागा मिळते का बघा, नाहीतर चाकं मिटून स्टँडवर उडतं ठेवा, तेही छान दिसतं. पुढच्या वेळेला सायकलच्या दुकानातून बेअरिंगचे छर्रे आणा आणि इपॉक्सीनं चिकटवा. गळाचं शिसं वापरणार असाल तर फेव्हिकॉल अजिबात नको, शिसं आणि तो गोंद यांची हळूहळू रिअ‍ॅक्शन होऊन पांढरी पावडर फुगत जाते आणि काही वर्षांनी नाक आतून फुटतं. दोन्ही भाग टेपनं नुसते जोडून, मुख्य चाकं जिथं येणार तिथं खाली पेन्सिल आडवी धरून तोल बघा, नाक खाली गेलं की अजून दोन छर्रे जास्तीचे टाका, कारण शेपटाकडचे पार्ट आणि रंग अजून चढायचेत.