पर्णकृमीची अंडी शोधताना: सुरुवातीला एवढं सांभाळा

मायक्रोस्कोपवर नुकतेच बसला आहात, तर आधी फॅसिओला हेपॅटिका हा यकृतातला पर्णकृमी (पानासारखा चपटा जंत) नीट समजून घ्या. क्लोनॉर्किस, ऑपिस्थॉर्किस हे यकृतातले दुसरे पर्णकृमी नंतर बघू. त्यांची अंडी जेमतेम ३० मायक्रॉनची असतात.

सर्वात मोठी चूक म्हणजे शौचाच्या तपासणीत अंडी नाहीत म्हणून आजार नाही असं ठरवणं. लागण झाल्यावर पहिले तीन-चार महिने कृमी यकृतातून वाट काढत असतात, अंडी घालतच नाहीत. रुग्णाला त्रास मात्र तेव्हाच जास्त: ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले. अशा वेळी अँटिबॉडीची रक्ततपासणी उपयोगी पडते. कच्ची पाणभाजी (पाण्यात वाढणारी पालेभाजी, वॉटरक्रेससारखी) खाल्ली का, हेही विचाराच, कारण लागण तिच्यातूनच होते. बोलिव्हियाच्या पठारावर हा आजार खूप आहे, तिथे तर हा प्रश्न आधी येतो.

पुढच्या टप्प्यात:

- अंडी जड असतात, म्हणून नमुना तळाशी बसू द्या. मिठाच्या पाण्यात तरंगवण्याच्या पद्धतीत ती हुकतात.
- ती थोडी आणि अधूनमधून पडतात. वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागवा.
- अंडं दिसलं तरी लगेच रिपोर्ट लिहू नका. रुग्णाने लागण झालेल्या जनावराची कलेजी खाल्ली असेल, तर ती अंडी नुसती पोटातून बाहेर पडतात. काही दिवस कलेजी बंद ठेवून पुन्हा तपासा.

फॅसिओलॉप्सिस या आतड्यातल्या पर्णकृमीचं अंडं जवळजवळ हुबेहूब असंच दिसतं. तिथे अडलात तर वरिष्ठांना स्लाइड दाखवा, बिनधास्त.