पायाखालचा रस्ता दिसतोय!

प्रश्न: वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, समुद्रापासून जवळच उभी असते. दारांखालची पट्टी फुगली आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर रस्ता दिसतो! डेंटर म्हणतो, 'लांबी (पुट्टी) भरून रंग मारतो, नवी दिसेल.' करू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: मुळीच नको. लांबी भरलेली गाडी दिवाळीत चमकते आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी फोड येतात. शिवाय पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते. तळ, दारांखालच्या पोकळ पेट्या आणि खांब, सगळा भार यांच्यावरच. त्यामुळे हे काम नुसतं रंगरंगोटीचं नाही.

आधी लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे जुनी लांबी आहे. मग स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. फुगवट्याच्या दुप्पट पत्रा तरी पोकळ निघेल, मन घट्ट करा.

कापायचं ते चकचकीत पत्रा लागेपर्यंत. ठिगळ मूळ पत्र्याच्याच जाडीचं, सीआर (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेल्या) पत्र्याचं घ्या. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा वेडावाकडा होतो. सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने होणारं) असलेला कारागीर शोधा आणि त्याला थोडं इथे, थोडं तिथे असे टाके घ्यायला सांगा. एका वेळी एकच बाजू उघडायची. गाडीला खालून नीट आधार द्यायचा आणि दारं काढायची नाहीत. दाराची फट बदलली की समजायचं, गाडी बसायला लागली. (बॅटरीची वायर आधी काढा. मागे वेल्डिंग असेल तर पेट्रोलची टाकीही उतरवा. हे सांगावं लागतं, कारण आपल्याकडे कुणी करत नाही.)

पण पाणी आलं कुठून? माझा संशय पुढच्या काचेच्या कडक झालेल्या रबरावर आहे. तिथून झिरपलेलं पाणी मॅटिंगखालच्या नमद्यात, म्हणजे जाड दाबलेल्या थरात, मुरतं आणि खारी हवा ते लवकर वाळू देत नाही. रबर बदला, नमदा फेका, दारांच्या तळाची बुजलेली भोकं तारेने मोकळी करा.

उघड्या पत्र्याला इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पाणी अडवणारा थर. साधा प्रायमर ओल शोषतो, नुसत्या प्रायमरवर गाडी पावसात ठेवू नका. पेट्यांच्या आत ब्रश जात नाही, तिथे पातळ नळीने मेण फवारून घ्या. मात्र वेल्डिंग पूर्ण झाल्यावरच, नाहीतर पेट घेईल. त्यानंतर टाके झाकण्यापुरती लांबी चालेल, नखाएवढ्या जाडीची.

जुलैत कुणी रंगाला घाई केली तर ऐकू नका. नोव्हेंबर उजाडू द्या.