निवडुंगाला खारं पाणी चालतं का?

प्रश्न : ऐरोलीत खाडीजवळ राहतो, सोसायटीत झाडांना बोअरचं मचूळ पाणी येतं. कुंडीतल्या मातीवर पांढरा थर धरलाय आणि फड्या निवडुंग पार सुरकुतलाय. वाळवंटातलं झाड ना हे? मुलगा म्हणतो हळूहळू त्याचे जीन बदलतील, सवय होईल. खरंय का?

उत्तर : जीन बदलत नाहीत हो, फक्त कोणते किती काम करणार ते बदलतं. मुळाला मिठातलं सोडियम लागलं की पेशीत लगेच कॅल्शियम वाढतं, तोच इशारा, मग एसओएस१ नावाच्या जीनचं प्रोटीन सोडियम बाहेर फेकायला लागतं आणि एनएचएक्स नावाच्या जीनचं प्रोटीन उरलेलं सोडियम पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडून ठेवतं, शिवाय पाणी धरून ठेवायला प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल बनतं ते वेगळंच. हे बहुतेक सगळं आधी अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या नात्यातल्या रोपट्यात कळलं, पण असे जीन बऱ्याच झाडांत असतात. फक्त यात एनर्जी जाते, आणि निवडुंग मुळातच सावकाश वाढणारा गडी.

कोरडं सोसणं वेगळं, खारं सोसणं वेगळं. फड्या निवडुंग मिठाला चांगलाच नाजूक आहे, आधी मुळं खुंटतात. तुमच्या खाडीतली तिवरं बघा, पानांतून मीठ बाहेर टाकतात, ती सोय याच्याकडे नाही.

वरचा पांढरा थर खरवडून टाका, नळाचं गोडं पाणी खालच्या भोकातून भरपूर वाहून जाईल इतकं घाला, मग माती पूर्ण सुकू द्या. मुळं काळी पडली असतील तर सरळ एक चांगलं फडं कापून, जखम सुकवून, नव्या रेताड मातीत लावा.