६ एमएम-०६ वाइल्डकॅटसाठी काडतुसं घरी भरायची आहेत, चिठ्ठीवरच्या लोडने सुरुवात करू का?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासमध्ये ६ एमएम-०६ चेंबरची सेकंडहँड रायफल घेतली, फॅक्टरीची काडतुसं मिळत नाहीत (अशा काडतुसालाच वाइल्डकॅट म्हणतात), आणि विकणाऱ्याने पावडरचं वजन लिहिलेली एक चिठ्ठी सोबत दिलीय, तर तिथूनच सुरुवात करू का. नका करू. चिठ्ठी ठेवा, पण नंतर ताडून बघायला. तो आकडा त्याच्या पुंगळ्यांचा (काडतुसाची पितळी कवचं), त्याच्या पावडरच्या लॉटचा, त्याच्या प्रायमरचा (बुडातली ठिणगी टाकणारी टोपी) आहे आणि रायफल तीच असली तरी यातलं काहीही बदललं की प्रेशर बदलतं.

मी कोलोराडोत राहतो, रीलोडिंग, म्हणजे घरी काडतुसं भरणं, बरीच वर्षं करतोय, आणि माझं ठाम मत आहे की वाइल्डकॅटमध्ये पावडरच्या आधी पुंगळी मोजायची. विकणाऱ्याकडून त्याच रायफलमध्ये उडवलेल्या दोन-चार पुंगळ्या मागून घ्या, नसतील तर गनस्मिथकडून चेंबर कास्ट, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचा साचा, काढून घ्या. उडवलेली, साइझ न केलेली (डायमध्ये दाबून मापात न आणलेली) पुंगळी घ्या, जुना प्रायमर आतच राहू द्या, कोरडी असताना वजन करा, मग ड्रॉपरने पाणी भरा. बोटाने टकटक केलं की आतला बुडबुडा वर येतो, नेकच्या (पुंगळीच्या मानेच्या) तोंडाशी पाण्याला फुगवटा येतो तो टिश्यूच्या कोपऱ्याने टिपून पातळी सपाट करायची आणि पुन्हा वजन. फरक आला ती ग्रेनमध्ये (रीलोडिंगमधलं वजनाचं एकक) तुमच्या पुंगळीची क्षमता.

आता त्याच पुंगळीच्या नेकमध्ये एक बुलेट अलगद सोडून बघा, तोंड कुठे चेपलेलं नसेल तर ती सहज आत गेली पाहिजे. अडकत असेल तर तिथेच थांबा. ही पुंगळी .२५-०६ किंवा .३०-०६ ची मान आवळून बनवतात आणि आवळलं की पितळ जाड होतं, .३०-०६ पासून तर जास्तच. चेंबरमध्ये नेकला फुलायला जागा उरली नाही की बुलेट सुटत नाही आणि प्रेशर एकदम चढतं, मग पावडर कितीही कमी असू दे. भरलेल्या काडतुसाचा नेक मायक्रोमीटरने मोजा, चेंबरच्या नेकपेक्षा एक इंचाच्या दोन-तीन हजारांश तरी कमी हवा, नाहीतर नेक टर्निंग करा, म्हणजे नेकचं पितळ बाहेरून तासून पातळ करा. पुंगळीची लांबीही चेंबरच्या मापात ट्रिम केलेली हवी.

मग डेटा. वाइल्डकॅटला सामीचं (काडतुसांची मापं आणि प्रेशर ठरवणारी अमेरिकी संस्था) स्टँडर्ड नसतं, म्हणून त्याच कॅलिबरच्या, प्रेशर टेस्ट झालेल्या शेजाऱ्यांकडे बघायचं. लहान बाजूला ६ एमएम रेमिंग्टन, जी १९५५ मध्ये .२४४ रेमिंग्टन म्हणून आली होती, आणि क्षमतेत अगदी जवळ १९६८ ची .२४० वेदरबी मॅग्नम. बरेच जण वेदरबीचा डेटा जसाच्या तसा उचलतात आणि इथेच फसतात. वेदरबीच्या चेंबरला फ्रीबोअर असतो, बुलेट रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांना) भिडायच्या आधी थोडं मोकळं धावते, त्यामुळे तिथे चालणारा वरचा लोड तुमच्या छोट्या थ्रोटमध्ये (चेंबर आणि रायफलिंगमधल्या जागेत) जास्त प्रेशर देतो. म्हणून वेदरबीचा कमाल आकडा तुमचा नाहीच असं धरून चाला. दोन्हीच्या यादीत येणारी पावडर आणि त्याच वजनाची, शक्यतो तीच बुलेट निवडा, बुलेट रायफलिंगपासून लांब ठेवा आणि सुरुवातीचा लोड पावडर कंपनीच्या टेक्निकल लोकांकडून तपासून घ्या. उगाच फार खालीही जाऊ नका, स्लो पावडर मोठ्या पुंगळीत फारच कमी भरली तरी प्रेशर भलतंच वागू शकतं.

तिथून साधारण एक-एक टक्क्याने वर या, आणि प्रत्येक फैर क्रोनोग्राफवर (बुलेटचा वेग मोजणारं यंत्र) घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. चपटा प्रायमर, इजेक्टरची चकचकीत खूण, जड उचलणारा बोल्ट या खुणा खऱ्या आहेत, पण त्या दिसेपर्यंत बऱ्याचदा मर्यादा ओलांडून झालेली असते. वेग आधी सांगतो. तेवढ्याच बॅरलमधून, त्याच बुलेटला मॅन्युअलमधला कमाल वेग मिळाला तर तेवढंच प्रेशर वापरून झालंय, प्रायमर कितीही गोल दिसू देत, वेग फुकट मिळत नाही. पावडर वाढवूनही वेग वाढेनासा झाला किंवा एकदम उडी मारली तरी थांबा.

हिवाळ्यात ठरवलेला लोड जुलैच्या उन्हात प्रेअरी डॉगवर (कुरणातला खारीसारखा प्राणी) वापरायचा असेल तर गरम हवेत पुन्हा तपासा, आणि तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस ठेवून गप्पा मारत बसू नका.

पुंगळीच्या बुडावर .२५-०६ किंवा .३०-०६ लिहिलेलं असेल, त्यामुळे डब्यावर मोठं लेबल लावा आणि बॅरलवर खरं नाव कोरून घ्या. टेबलावर एका वेळी एकच पावडर. आणि भारतातून वाचणाऱ्यांसाठी, तिकडे आर्म्स ॲक्ट १९५९ खाली लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, हे सगळं अमेरिकेपुरतं, जिथे स्वतःच्या वापरासाठी भरायला फेडरल लायसन्स लागत नाही.

बोल्ट जड लागला किंवा वेग मर्यादेला टेकला की त्याच्या वरच्या लोडची उरलेली काडतुसं आणलीच आहेत म्हणून उडवायची नाहीत, घरी नेऊन बुलेट पुलरने उघडायची.