मॅक्युलाला लेसर मारून घ्यावा का?

खानापूरच्या ताईंचा प्रश्न असा आहे: आईंचं वय ७२, उजव्या डोळ्याला दाराची चौकट वाकडी दिसते. बेळगावात ओसीटी (पडद्याचा स्कॅन) केल्यावर 'ओला एएमडी' निघाला, म्हणजे वयामुळे मॅक्युला, पडद्याचा मधला भाग, बिघडून त्याखाली नव्या रक्तवाहिन्या गळू लागल्या. डॉक्टर डोळ्यात सुई सांगतात, शेजारी म्हणतात लेसर मारा, एकदाच काम होतं.

ताई, सुईच घ्या, आणि याच आठवड्यात घ्या.

शेजाऱ्यांच्या मनातला लेसर बहुधा मोतीबिंदूनंतरची जाळी फोडणारा याग, नाहीतर साखरेच्या पेशंटच्या पडद्याला मारतात तो. एएमडीत पूर्वी गरम लेसरने गळणारी रक्तवाहिनी जाळत. पण तिच्यासोबत वरचा पडदाही जळतो आणि तिथे कायमचा काळा डाग राहतो. वाहिनी मधोमध असेल तर वाचायची नजरच त्यात जाते. बाजूला असली तरी निम्म्याच्या आसपास पेशंटमध्ये काही वर्षांत गळती पुन्हा सुरू व्हायची.

२००० साली थंड लेसर आला, पीडीटी. व्हर्टेपॉर्फिन हे उजेडाने जागं होणारं औषध शिरेतून १० मिनिटं देतात. सुरुवातीपासून १५ व्या मिनिटाला ६८९ नॅनोमीटरचा लाल लेसर ८३ सेकंद टाकतात. त्याने नजर जाण्याचा वेग कमी व्हायचा, सुधारणा क्वचितच. २००६ पासून डोळ्यात सुईने द्यायचं रॅनिबिझुमॅब हे औषध आलं आणि बऱ्याच जणांची नजर थोडीफार परत येऊ लागली, म्हणून आता सुई पहिली.

पीडीटी आजही लागते ती मुख्यतः पॉलिपॉइडल प्रकारात (वाहिन्यांना फुगे येतात तो), आणि तो आशियाई लोकांत जास्त दिसतो. सुया वेळेवर घेऊनही पडद्यात गळून साचलेलं पाणी सुकत नसेल तर 'आयसीजी अँजिओग्राफी (शिरेत रंग देऊन पडद्यामागच्या वाहिन्यांचे फोटो) करायची का?' असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पीडीटी ठरलीच तर औषध चालू असताना हात दुखला की लगेच सांगा, कारण शिरेबाहेर गळलेलं औषध कातडी जाळतं. नंतर किमान ४८ तास ऊन अंगावर नको, काही डॉक्टर ५ दिवस सांगतात. परतीचा प्रवास सूर्य मावळल्यावर, पूर्ण बाह्या आणि काळा चष्मा घालून. घरातला साधा उजेड चालतो, अंधारात कोंडून घेऊ नका.

सुईत औषध ०.०५ मिली असतं. आधी महिन्याला एक अशा ३, मग ओसीटी बघून अंतर वाढवतात. घोटाळा होतो तो इथेच. दोन सुयांनी बरं वाटतं, वर पाऊस आणि रोपलावणी, तारीख चुकते, पाणी पुन्हा भरतं. त्यातून व्रण पडला की कुठलंच औषध चालत नाही. खर्च जड जात असेल तर बेव्हासिझुमॅबबद्दल विचारा. २०११ च्या कॅट चाचणीत वर्षभरात त्याचा परिणाम रॅनिबिझुमॅबइतकाच दिसला. फक्त मोठ्या बाटलीतून डोस निर्जंतुक पद्धतीने वेगळे करतात ना, याची खात्री करा. सुईनंतर पांढऱ्या भागावर न दुखणारा लाल डाग पडला तर घाबरू नका, तो विरतो. पण दुखणं, वाढती लाली आणि अंधुकपणा आला तर त्याच दिवशी, रविवार असला तरी, दवाखाना गाठा.

डाव्या डोळ्यात कोरडा (गळती नसलेला) एएमडी असेल तर त्यालाही लेसर नको. ड्रूसनवर, म्हणजे पडद्याखालच्या पिवळ्या डागांवर, लेसर मारून पाहिलाय, डाग पुसट झाले पण नजर वाचली नाही. मधल्या टप्प्यात एआरईडीएस-२ या चाचणीतल्या गोळ्या (ल्युटीन १० मिग्रॅ, झियाझँथिन २ मिग्रॅ, सोबत क, ई, जस्त, तांबं) उपयोगी आहेत. घरात कुणी विडी ओढत असेल तर ती मात्र आजच बंद. तंबाखूच्या निपाणी पट्ट्यात हे ऐकायला कडू लागेल, पण टाळता येण्याजोगं सर्वांत मोठं कारण धूम्रपानच आहे.

रोज सकाळी वाचायचा चष्मा लावून एकेक डोळा झाकायचा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटी पाहायच्या. रेघ नव्याने वाकली, एखादी चौकट गायब झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. मिरजेला किंवा हुबळीला दुसरं मत घ्यायला निघालात तर आधीच्या सगळ्या ओसीटीचे प्रिंट सोबत न्या.