माझा सा पोहोचतो, पण तुटून

प्रश्न : कराडहून मी झूमवर गाणं शिकवते. मुलाच्या फोनमधले फोटो क्लाउडवर चढू लागले की विद्यार्थिनीला माझा आवाज तुटक ऐकू येतो. तिचा मला स्वच्छ येतो. राउटरच्या क्यूओएसमध्ये, म्हणजे कोणाचा डेटा आधी जाऊ द्यायचा ते ठरवणाऱ्या सोयीत, 443 पोर्टला सर्वोच्च प्राधान्य दिलं, तरी फरक शून्य. प्लॅन 10 एमबीपीएसचा आहे.

उत्तर : ताई, तिचं नीट येतं आणि तुमचं तुटतं, म्हणजे अडतंय ते अपलोडला. निदान तुम्हीच करून पाठवलंय.

पोर्ट म्हणजे डेटाच्या दरवाजाचा नंबर, आणि 443 हा सुरक्षित वेबसाइटांचा सामाईक दरवाजा. त्यावरून बँक जाते, यूट्यूब जातं आणि ते फोटोही जातात. एसटीच्या रांगेतल्या प्रत्येकाच्या हाती राखीव सीटची चिठ्ठी दिलीत, तर पुढे कोण जाणार? मजकूर कूटबद्ध असतो, त्यामुळे राउटरला दिसतात ते पत्ते, पोर्ट आणि डेटाच्या प्रत्येक पाकिटाच्या माथ्यावरची डीएससीपी नावाची 6 बिटांची खूण. आवाजाची खूण 46. पण तिच्यावर विसंबू नका. बाहेरच्या जाळ्यात ती अनेकदा पुसली जाते. घरातही गंमत आहे : 46 म्हणजे 101110, बरीच वायफाय उपकरणं पहिले तीनच बिट वाचतात, 101 म्हणजे 5, तो व्हिडिओचा क्रमांक, आणि आवाज जातो व्हिडिओच्या रांगेत!

झूमचा आवाज आणि चित्र सहसा यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीनं 8801 ते 8810 या पोर्टांकडे जातं. नियम त्याचा करा, किंवा सरळ तुमच्या लॅपटॉपला प्राधान्य द्या.

एवढ्यानं भागणार नाही. रांग राउटरमध्ये नसून पुढच्या मोडेममध्ये साचत असेल, तर तुमचा नियम तिथे कोण विचारतो? मोडेममध्ये 500 किलोबाइट तुंबले, तर 10 एमबीपीएसनं उपसायला 0.4 सेकंद लागतात. म्हणून क्यूओएसमध्ये अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 90 टक्के ठेवा. 9.6 मिळत असेल तर 8.6. मग रांग राउटरच्या ताब्यात राहते.

मेनूमध्ये एसक्यूएम, केक किंवा एफक्यू-कोडेल (रांग आपोआप सांभाळणाऱ्या सोयी) दिसलं तर तेच निवडा. ते प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतं, पण ही मर्यादा तिथेही भरावी लागते. मी दोन रविवार घालवून 14 नियम लिहिले होते. हे चालू केलं आणि सगळे पुसले.

आता फोटो चढवायला लावा आणि लॅपटॉपवरून गूगलच्या 8.8.8.8 या पत्त्याला पिंग करा, म्हणजे निरोप जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते दिसेल. आकडा फोटो नसतानाच्या आसपास राहिला, तर वर्ग घ्या. शेकड्यांत गेला, तर मर्यादा आणखी अर्ध्या एमबीपीएसनं उतरवा.